पाणी फिरतंय, पण घुसळतंय का? शेवाळाच्या उघड्या टाक्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिळफाट्याच्या अलीकडे, भाड्याच्या जागेत आमच्या स्पिरुलिनाच्या (म्हणजे खाण्याच्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या) दोन टाक्या आहेत. ऐरोली, कळवा, बदलापूर, मुरबाडहून माणसं बघायला येतात. आल्या आल्या चाकाचा व्हिडिओ काढतात आणि विचारतात, "मोटर किती एचपीची?" वळणापाशी जाऊन वाकून बघणारा पाहुणा अजून भेटायचा आहे. तेच तेच प्रश्न फोनवर परत परत येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. खालचे हिशेब आमच्या एका टाकीचे आहेत: २० मीटर लांबीच्या दोन सरळ वाटा, प्रत्येकी दीड मीटर रुंद, पाणी २० सेंमी. एकूण साधारण साडेतेरा हजार लिटर.

रेसवे टाकी म्हणजे नेमकी कशी?

महालक्ष्मीचा रेसकोर्स वरून कसा दिसतो, तशी. लांबट हौद, मधोमध एक भिंत, ती दोन्ही टोकांना अलीकडेच थांबवलेली, म्हणजे पाण्याला वळायला जागा राहते. एका वाटेत आडवं पात्यांचं चाक. ते पाणी पुढे ढकलतं आणि पाणी गोल फिरत राहतं. १९५०च्या दशकापासून विल्यम ओस्वाल्ड यांनी कॅलिफोर्नियात, बर्कलीच्या विद्यापीठात, सांडपाणी शुद्ध करण्यासाठी अशा उथळ तळ्यांवर काम केलं. आज खाण्याची स्पिरुलिना पिकवणारे मोठे कारखानेही याच आकाराच्या तळ्यांवर चालतात.

फिरवायची गरजच काय? तळ्यात शेवाळ आपोआप वाढतं की.

हा प्रश्न बहुधा ठाणेकर विचारतात. तळ्यांच्या शहरात राहिल्यावर तो सुचणारच. तळ्यात शेवाळ वाढतं खरं, पण वर साय धरते आणि सायीखालचं उपाशी राहतं. काठीला पांढरी तबकडी लावून पाण्यात बुडवा. काढणीला आलेल्या टाकीत ती दोन-तीन सेंमीवरच दिसेनाशी होते. बाकीच्या सतरा-अठरा सेंमीत जवळजवळ अंधार. खालच्याला वर आणायचं आणि वरच्याला खाली न्यायचं, हे घुसळणीचं पहिलं काम.

दुसरं काम प्राणवायूचं. भर उन्हात शेवाळ इतका प्राणवायू सोडतं की पाण्यात तो हवेशी समतोल असतानाच्या दुप्पट-तिप्पट साठू शकतो. तो बाहेर पडला नाही तर वाढच मंदावते. घुसळलेल्या पाण्यातून तो सुटतो. शिवाय खत आणि पाण्यातला खायचा सोडा सगळीकडे सारखा पोचतो आणि दुपारी वरचा थर तापून खालचा थंड, असं होत नाही.

एक गंमत सांगतो. बरीचशी शेवाळं तळाशी बसतात, पण स्पिरुलिनाच्या पेशींत वायूच्या बारीक पिशव्या असतात, त्यामुळे ती उलट वर तरंगते. म्हणजे क्लोरेला हे दुसरं शेवाळ पिकवणाऱ्याला ते खाली बसू द्यायचं नसतं, आणि आम्हाला स्पिरुलिना वर जमू द्यायची नसते.

पाण्याचा वेग किती हवा?

सेकंदाला २० ते ३० सेंमी. दहाच्या खाली गेलात तर गाळ आणि मेलेलं शेवाळ बसायला लागतं. तिसाच्या वर फायदा थोडा आणि बिल भारी.

वेग मोजायला मीटर घ्यावा लागेल?

लिंबू घ्या. खरंच. सरळ वाटेवर दहा मीटरवर दोन खुणा करा, वरच्या खुणेच्या थोडं अलीकडे लिंबू सोडा आणि मोबाइलवर वेळ लावा. लिंबू जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, म्हणून वारा त्याला फारसा ढकलत नाही. थर्मोकोलचा तुकडा वाऱ्याबरोबर पळतो. चाळीस सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग २५ सेंमी. तळाकडे पाणी हळू चालतं, म्हणून त्याला ०.८५ ने गुणा: सरासरी साधारण २१. भिंतीजवळ, मध्ये आणि मधल्या भिंतीला लागून, असं तीनदा करा. तिन्ही आकडे कधीच सारखे येत नाहीत, आणि खरी माहिती त्या फरकातच असते.

चाक फिरतंय, पाणी धावतंय, तरी उत्पादन कमी. का?

फिरणं वेगळं आणि घुसळणं वेगळं. ताक करताना रवी एकाच दिशेने फिरवत राहिलात तर ताकही रवीबरोबर गोल फिरतं, लोणी येत नाही. टाकीत तेच होतं. चाकापाशी पाणी वरखाली ढवळून निघतं, वळणात पिळवटतं, पण सरळ वाटेत वरचं पाणी बराच वेळ वरच आणि खालचं खालीच वाहतं. नियमाने बघितलं तर तो प्रवाह खळबळीचाच असतो, पण त्यातले भोवरे आळशी असतात. खालच्या पेशीला उजेडात यायला काही सेकंद नव्हे, अर्धा-एक मिनिटही लागू शकतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर बांबूच्या काठीला पाच, दहा आणि पंधरा सेंमीवर लोकरीचे धागे बांधा आणि काठी साध्या पाण्याच्या टाकीत उभी धरा. चाकाच्या पुढे धागे वेड्यासारखे नाचतात. दहा मीटर पुढे जाऊन बघा: तिन्ही धागे शिस्तीत एकाच दिशेला. तिथे घुसळण संपली.

उपाय म्हणून लोक तळाला आडव्या पट्ट्या लावतात. आम्हीही लावल्या आणि महिन्यात काढल्या. पट्टीमागे गाळ बसतो आणि तो झाडून काढताना कंबर मोडते. त्यापेक्षा पाणी २० सेंमीच ठेवा, शेवाळ फार दाट होऊ देऊ नका आणि काढणी वेळेवर करा. उथळ आणि थोडं विरळ पाणी निम्मी घुसळण वाचवतं.

वळणापुढे मधल्या भिंतीला लागून शेवाळ साचतं, पांढरट-पिवळं होतं, वास येतो. काय करायचं?

आमचं पहिलं वर्ष याच वासात गेलं. मोटर कमी पडतेय असं वाटलं, म्हणून अर्ध्या एचपीची काढून एक एचपीची बसवली. चाक असं उडायला लागलं की भिंतीबाहेरची फरशी सोड्याने पांढरी झाली. वास मात्र तिथेच.

कारण असं: धावत्या पाण्याला एकदम अर्ध्या गोलात वळता येत नाही. ते बाहेरच्या भिंतीला धडकतं, तिच्या कडेने सुसाट जातं आणि आतल्या बाजूला, म्हणजे मधल्या भिंतीचं टोक ओलांडल्यावर लगेच, पाण्याचा प्रवाह भिंतीपासून सुटतो. तिथे एक सुस्त भोवरा राहतो. स्पिरुलिना त्यात जमते, वरचे तंतू उन्हात भाजतात, खालचे गुदमरतात. मोटर वाढवली की बाहेरचं पाणी आणखी जोरात जातं, पण तो भोवरा जात नाही. म्हणजे दुखणं तसंच ठेवून आम्ही पैसे मोजले होते.

तुमच्या टाकीत हा पट्टा कुठवर आहे, ते बघायला चाचणीच्या दिवशी साध्या पाण्यात मूठभर कुरमुरे टाका. बाहेरचे कुरमुरे चाकापर्यंत पोचतात तेव्हा आतले त्याच जागी घिरट्या घालत असतात. तो घिरट्यांचा पट्टा खडूने भिंतीवर आखून ठेवा. कुरमुरे भिजण्याआधी गाळून काढा, आणि पीक असलेल्या टाकीत हा खेळ करू नका.

उपाय वळणात कमानी उभ्या करण्याचा. पाणी दोन-तीन वाटांत विभागलं की प्रत्येक वाट आपापल्या कमानीच्या कडेने वळते. सगळ्यात आतली कमान आम्ही निळ्या प्लास्टिकच्या दोनशे लिटरच्या ड्रमची केली. ड्रम आडवा कापून २५ सेंमी उंचीची कडी काढली, कडं उभं चिरलं की दोन अर्धगोल मिळतात, त्रिज्या साधारण २९ सेंमी. मधल्या भिंतीचं टोक बरोबर त्याच्या मध्यावर येईल असा तो ठेवला. बाहेरच्या दोन कमानी जाड शीट वाकवून. प्रत्येक कमान वळण संपल्यावर हातभर सरळ पुढे नेली, कारण सुटलेल्या प्रवाहाला धरून ठेवायचं खरं काम तिथेच आहे. मधल्या भिंतीचं टोक चौकोनी होतं, तेही गवंड्याकडून गोल करून घेतलं. पुढच्या आठवड्यात कुरमुरे सरळ निघून गेले.

ड्रम फक्त खाद्यपदार्थांचा घ्या. औद्योगिक पट्ट्यातल्या भंगारवाल्याकडे शंभर ड्रम स्वस्तात मिळतील. त्यात आधी काय होतं हे तोही सांगू शकणार नाही, आणि तुम्हाला त्या पाण्यातलं पीक लोकांना खायला द्यायचं आहे.

मग मोटर किती एचपीची घ्यावी?

हिशेब करू या. पाण्याची ताकद दोन ठिकाणी खर्च होते: तळ-भिंतीच्या घर्षणात आणि वळणांत. घर्षणासाठी मॅनिंगचं सूत्र वापरतात, तेच पाटबंधारेवाले कालव्यांसाठी वापरतात. गुळगुळीत सिमेंटला खरखरीतपणाचा आकडा ०.०१२ धरला आणि वेग सेकंदाला २५ सेंमी, तर आमच्या ४० मीटर सरळ वाटेत पाण्याची पातळी जेमतेम ४ मिमी उतरते. दोन वळणांत, कमानी नसताना, सुमारे १३ मिमी. म्हणजे तीन-चतुर्थांश खर्च वळणांचा. म्हणूनच आम्ही वळणांवर इतकं बोलतो.

एकूण १७ मिमी. सेकंदाला ७५ लिटर पाणी १७ मिमी उचलायला लागतात साधारण १२ ते १३ वॉट, एलईडी दिव्याइतके! पण चाक, गिअरबॉक्स, मोटर मिळून बरीच गळती असते. सगळं धरून वीस टक्के कार्यक्षमता मानली तर साठ-पासष्ट वॉट. दिवसाला दीड युनिट. या टाकीला अर्ध्या एचपीचा गिअर-मोटर भरपूर झाला, तोही सुरू होतानाचा जोर आणि भिजलेल्या बेअरिंगचा राग सहन करायला.

आता वेग दुप्पट करा. पातळीतला उतार चौपट होतो, पाणी दुप्पट, म्हणजे वीज आठपट. हे आठपटीचं गणित ऐकल्यावर बहुतेक पाहुणे चहा मागतात.

चाकाच्या एका बाजूला पाणी वर, दुसऱ्या बाजूला खाली दिसतं. तळ वाकडा झालाय का?

नाही, तेच वर म्हटलेले १७ मिमी. चाक पाणी त्या उंचीवर चढवतं आणि पाणी तिथून उतरत उतरत फेरी पूर्ण करतं. चाक बंद करून अर्ध्या तासाने मोजा, फरक जायला हवा. राहिला तर तळ वाकडा. आणि विचार करा, सगळा प्रवाह ज्या १७ मिमीवर चालतो, तिथे गवंड्याने तळात दोन सेंमीचा खड्डा ठेवला तर काय होईल. बांधताना लांब वाटेवर पाणसळ पुरत नाही. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन दर दोन मीटरला तळाची पातळी तपासा. ताडपत्री किंवा लायनर घातला असेल तर सुरकुत्या ओढून सपाट करा. सुरकुतीत गाळ बसतो.

चाकाला पाती किती आणि वेग किती?

आठ पाती. चार असली तर चाक हिसके देत फिरतं आणि ते हिसके गिअरबॉक्स खातो. फेरे मिनिटाला दहा ते वीसच्या दरम्यान. १४४० फेऱ्यांची मोटर आणि ६०ला १ गिअरबॉक्स घेतला तर २४ फेरे पडतात. व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) २५ हर्ट्झ केलं की १२. फक्त इतक्या हळू चालताना मोटरचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो, मे महिन्यात तिला हात लावून बघत जा. पातं आणि तळ यांत एक-दोन सेंमीच फट ठेवा. जास्त ठेवली तर पाणी चाकाखालून मागे पळतं.

चाकाऐवजी टुल्लू पंप, फिश टँकचा एअर पंप किंवा कोळंबीवाल्यांचा एरेटर चालेल?

पंप नको. त्याच्या पंख्यात स्पिरुलिनाचे नाजूक मळसूत्री तंतू तुटतात, आणि तुटलेले तंतू काढणीच्या कापडातून निसटतात. एरेटर खूप जोरात फिरतो, त्याचं काम हवा मिसळणं, आपलं काम पाणी सरकवणं. हवेचे बुडबुडे खोल बादलीत किंवा उभ्या नळीत छान काम करतात, पण २० सेंमी पाण्यात बुडबुडा उठतो न उठतो तोच फुटतो. लहान हौद असेल, चार-पाच चौरस मीटरचा, तर सरळ नवा मऊ झाडू घ्या आणि उन्हाच्या वेळी दर तासाला ढवळा. कित्येक गावांत बचत गट याच पद्धतीने करतात.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर करू का?

२० सेंमी पाणी म्हणजे चौरस मीटरला २०० किलो. ये-जा करायच्या गच्चीसाठी भारतीय मानकात साधारण १५० किलोचा भार धरतात. चाक, मोटर, माणसं वेगळी. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय नको, आणि ऐरोली-वाशीच्या जुन्या इमारतींत तर मुळीच नको. दहा सेंमीचा छोटा हौद, हाताने ढवळायचा, तोही बीमच्या वर, इतपत एखादा इंजिनिअर मान्य करेल. सोसायटीच्या सभेत गळतीचा विषय निघेलच, तो तुमचा तुम्ही बघा.

रात्री चाक बंद केलं तर?

बंद नको, हळू करा. रात्री शेवाळ अन्न बनवत नाही, फक्त श्वास घेतं. दिवसा जास्त झालेला प्राणवायू पहाटे कमी पडू शकतो, आणि बंद टाकीत वर साय धरते. व्हीएफडीवर फेरे निम्मे केले की वेग निम्मा आणि वर म्हटल्याप्रमाणे वीज आठव्या हिश्शाच्या जवळपास.

लाईट गेली तर रात्री फारशी काळजी नाही. दुपारी एक वाजता गेली तर मात्र धावा. तासाभरात वर हिरवा जाड थर येतो. चाकाचा हँडल आम्ही सायकलच्या पेडलचा बनवून ठेवलाय, गिअरबॉक्स सोडवला की हाताने फिरतं. नवीन मुलगा कामाला आला की त्याला पहिलं हे शिकवतो.

चाकापाशी फेस येतो.

थोडा येणारच. पटकन विरणारा, बारीक फेस असेल तर सोडून द्या. चिकट, हिरवट, दुसऱ्या दिवशीही टिकणारा फेस म्हणजे पेशी फुटून त्यातली प्रथिनं पाण्यात उतरताहेत. तापमान बघा (४० अंशाला टेकलं का), पात्यांचा वेग बघा, आणि गिअरबॉक्सखाली हात फिरवून बघा. आमच्याकडे एकदा फेसाआधी पाण्यावर इंद्रधनुष्य दिसलं होतं. सील गळून तेल थेंबथेंब पडत होतं. ती सगळी टाकी ओतून द्यावी लागली. तेव्हापासून गिअरबॉक्सखाली स्टीलची परात.

पावसाळ्यात काय करता?

छप्पर. ठाण्या-नवी मुंबईत पावसाळ्यात अडीच हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि टाकीत पाणी दोनशे मिमी, एवढं सांगितलं की पुरतं. एका दिवसात शंभर मिमी पडला तर टाकी दीडपट होते, भिंतीवरून वाहते, आणि तिच्याबरोबर सोडाही. झारूकच्या कृतीप्रमाणे (स्पिरुलिनाच्या खतपाण्याची ही प्रसिद्ध कृती) लिटरला १६.८ ग्रॅम खायचा सोडा लागतो, म्हणजे आमच्या एका टाकीत सव्वादोनशे किलोच्या वर. तो नाल्यात जाताना बघवत नाही.

छपराच्या फटीतून आलेलं पाणी हलकं असतं, खारट पाण्यावर थर करून बसतं. त्या थरात स्पिरुलिनाला सोडा मिळत नाही आणि भलतीच शेवाळं शिरतात. म्हणून जोराच्या पावसात चाक बंद करू नका, लोक नेमकं तेच करतात. ढगाळ दिवसांत वाढ कमी असते, पण घुसळण त्या काळातच जास्त कामाची.

खाडी एवढी जवळ आहे. खाडीचं खारं पाणी वापरलं तर सोडा वाचेल?

नाही. ठाणे खाडीत सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी वर्षानुवर्षं जातंय. स्पिरुलिना जड धातू आनंदाने शोषून घेते. शिवाय समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पीएच १०च्या पाण्यात पांढरं होऊन तळाशी बसतं. ऐरोलीला हिवाळ्यात येणारे फ्लेमिंगो खाडीच्या चिखलातलं निळं-हिरवं शेवाळ चोच उलटी करून गाळून खातात, त्यांना ते मानवतं. २०२२ पासून ती खाडी रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, त्यांच्यासाठीच राहू द्या. नळाचं पाणी घ्या, एक दिवस उघडं ठेवून क्लोरीन जाऊ द्या.

चाक कशाचं करावं?

स्टेनलेस स्टील, किमान ३०४. रंगवलेलं लोखंड एका पावसाळ्यात रंग सोडतं आणि पोपडे काढणीत येतात. ॲल्युमिनियम सोड्याच्या पाण्यात विरघळतं. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड, नको; जस्त खाण्यात नको. पाती एचडीपीई प्लास्टिकच्या शीटची चालतात, हलकी आणि स्वस्त. बेअरिंग पाण्याच्या रेषेच्या वर, भिंतीच्या बाहेर.

पालिकेचे डास तपासणारे आले तर?

त्यांना चाक चालू असताना दाखवा. वाहत्या, घुसळत्या, पीएच १०च्या पाण्यात डासांची अळी सापडत नाही. ते मात्र टाकीकडे बघतच नाहीत. ते बघतात कोपऱ्यातली रिकामी बादली, छपरावरची ताडपत्रीची झोळी, आणि कापून उरलेला निळा ड्रम. तो उलटा करून ठेवा.